वाईनचं गाव आणि बायपास

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या टीमची आउटिंग ठरली. नेहमीप्रमाणे आधी लोणावळा, मग अलिबाग आणि शेवटी सर्वानुमते नाशिक. कारण अर्थातच वाईन! शनिवारी सकाळी सहाला मोशीहून दोन गाड्या निघाल्या. एवढ्या लवकर निघूनही चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या मागे वीस मिनिटं गेलीच. अकराच्या पुढे नाशिक, मग गंगापूर धरणाच्या बाजूची एक वायनरी, तासाभराची टूर, सहा प्रकारच्या वाईनचे सहा घोट, द्राक्षांच्या मांडवाखाली फोटो, जेवण आणि परत. रात्री साडेअकराला घरी. मी ड्रायव्हर असल्यामुळे माझ्या वाट्याला लिंबू सरबत आलं, ते सोडा. पण सोमवारी चहाला एकाने विचारलं, "कसं होतं रे नाशिक?" तेव्हा लक्षात आलं की आम्ही नाशिक पाहिलंच नव्हतं. आम्ही एक गेट पाहिलं, आणि जाऊन-येऊन जवळपास दहा तास हायवे पाहिला.

आणखी एक गोष्ट दिवसभर खुपत होती. जाताना नारायणगावच्या बायपासवर मी म्हणालो, "इथे जवळच माझ्या मामाचं गाव आहे. आणि उजवीकडे तो दिसतोय ना, तो नारायणगड." मागच्या सीटवरून फक्त "अच्छा" आलं. कोणी मोबाईलमधून मान वर केली नाही. त्यांचा काय दोष? बायपास झाल्यापासून आता गावच लागत नाही.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात वाईनची गोष्ट नाशिकच्या आधी या नारायणगावात सुरू झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने इथे शॅम्पेनच्या पद्धतीची फसफसणारी वाईन बनवली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही विकली गेली. नाशिकच्या सुलाची पहिली वाईन बाजारात आली ती २००० साली, म्हणजे बऱ्याच नंतर. पुढे नारायणगावची ती कंपनी कर्जात बुडून बंद पडली. वाईनच्या द्राक्षाची एक अडचण असते. ते लहान, बियांचं आणि जाड सालीचं असतं, खायला कोणी घेत नाही. वायनरीने घेतलं नाही तर त्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे आज जुन्नर तालुक्यात दिसतात त्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या: जम्बो, शरद, थॉमसन.

म्हणजे वाईन गेली. पण बाकीचं सगळं तिथेच आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी जर्मनीत कार्ल्सरूहला पाच महिने ऑनसाईट होतो. ऑक्टोबरमधल्या एका वीकांताला सीमेपलीकडे फ्रान्समधल्या अल्सास भागात गेलो. तिथला 'वाईनचा रस्ता' १९५३ साली आखला गेला. साधारण १७० किलोमीटर लांब, गावामागून गाव जोडत जाणारा. कोलमारहून बसने रिबोविले नावाच्या गावी उतरलो. डोक्यात नाशिकसारखंच चित्र होतं: मोठं गेट, तिकीट, टूर. तसं काहीच नव्हतं. गाव होतं, गावावर डोंगर होता आणि डोंगरावर एक सोडून तीन पडके किल्ले. खाली द्राक्षांचे मळे. एक क्षण मला जुन्नरलाच आल्यासारखं वाटलं, शपथ!

तिथून मी द्राक्षांच्या मळ्यांमधून चालत युनाविर आणि पुढे रिकविरला गेलो. जेमतेम पाच-सहा किलोमीटर. वाटेत झाडांवर, दगडांवर रंगांच्या खुणा होत्या: लाल, पिवळ्या, निळ्या. चौकशी केली तेव्हा कळलं की 'क्लब व्होजिएन' नावाची संस्था १८७२ पासून या भागात अशा वाटा आखते आणि त्या खुणा रंगवते. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक. युनाविरला तटबंदीतलं जुनं चर्च आहे, ते कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघे मिळून वापरतात. तिथेच करकोच्यांचं केंद्र आहे. १९७०च्या दशकात अल्सासमधले करकोचे जवळजवळ संपले होते, ते या केंद्राने पुन्हा वाढवले. आज ते घराघरांच्या धुराड्यांवर घरटी करून बसलेले दिसतात.

वाईन? प्यायलो ना! एका शेतकऱ्याच्या अंगणात, दोन पेले. तेवढ्यासाठी मी दोन दिवस राहिलो. एका आजीबाईंच्या घरातली वरची खोली, बेकरी, बस, किल्ल्याखालचं छोटं हॉटेल, करकोच्यांचं तिकीट. माझे पैसे पाच-सहा वेगवेगळ्या खिशांत गेले. नाशिकला आम्ही नऊ जणांनी जे खर्च केलं ते दोनच ठिकाणी गेलं: वायनरीत आणि पेट्रोल पंपावर.

आता नारायणगावचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. चाकणहून जेमतेम तास-सव्वा तास. एका बाजूला खोडदला जीएमआरटी, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. जगभरचे शास्त्रज्ञ इथे येऊन काम करतात आणि आपल्यातल्या कित्येक इंजिनिअरांना ती हायवेपासून एवढी जवळ आहे हे माहीत नसतं. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली असते. मोबाईल बंद ठेवावा लागतो, हा तर आपल्यासाठी बोनसच समजा. दुसऱ्या बाजूला जुन्नर: शिवनेरी, लेण्याद्रीची बौद्ध लेणी, त्यातल्याच एका लेण्यात बसलेला गणपती. पुढे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल याच घाटाने वर चढायचा. राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून जागेवर आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. आणि गुढीपाडव्याच्या आसपास खुद्द नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तिथे येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव आहे, हे सांगायला नकोच.

सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. तरीही आपण बायपासने पुढे जातो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मामाचा फोन. मामाची चार एकर द्राक्षं आहेत. अवकाळी पाऊस, औषधांच्या फवारण्या आणि भाव या तिघांमध्ये गेली काही वर्षं तो पिचलाय. आता बागेच्या कडेला चार खोल्या आणि एक छोटा स्विमिंग पूल बांधायचं त्याच्या डोक्यात आहे. कर्ज काढून. त्याने मला विचारलं, "तुमच्या त्या कंपनीतली पोरं खरंच येतील का रे आपल्याकडं? तू सांगशील तसं करतो."

तू सांगशील तसं! आम्ही ऑफिसात चुकीचा एस्टिमेट दिला तर फार तर एक स्प्रिंट पुढे ढकलला जातो. इथे चुकलो तर चार एकर बाग बँकेकडे जाईल. म्हणून दोन वीकांत मी तिथे जाऊन राहिलो. रविवारी पहाटे मामाबरोबर कालव्याच्या कडेने, मग ओढा ओलांडून नारायणगडाकडे चालत गेलो. वर पोचल्यावर लांबवर जीएमआरटीच्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. खाली कुकडीच्या पाण्यावर हिरवी झालेली शेतं. मामा म्हणाला, "पस्तीस वर्षांनी आलो बघ वर." उतरून मामीच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला विचाराल तर त्या सहा घोटांपेक्षा ही सकाळ किती तरी पटीने भारी होती.

पण मामाला हे सांगणं म्हणजे उत्तर नव्हे. माझा तो भाचा म्हणून लाडाचा अनुभव होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर आपली मंडळी पूल शोधतात, रात्री अकरापर्यंत स्पीकर लावतात, बागेतले घड न विचारता तोडतात आणि हुरड्याच्या ताटाला पाचशे रुपये सांगितले की घासाघीस करतात. तेच लोक मॉलमध्ये कॉफीला साडेतीनशे निमूट देतात. (मीही दिलेत.) शिवाय फ्रान्सची नक्कल जशीच्या तशी चालणारही नाही. तिथे द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळाची छाटणी आणि जानेवारी ते मार्च माल. पावसाळ्यात आपण हिरवाई बघायला येऊ तेव्हा वेलीवर एकही घड नसतो. तिकडे करकोचे, इकडे उसात बिबट्या. अंधार पडल्यावर इथे पायवाटेने फिरायचं नाही म्हणजे नाही.

मग मी मामाला सांगितलं ते असं. मामा, पूल नको. पूल तळेगावलाही आहे, मुळशीलाही आहे, त्या स्पर्धेत तुम्ही हरणार. कर्जही नको. घरावरची एक खोली नीट करा, स्वच्छ संडास-बाथरूम बांधा, दर फळ्यावर लिहून टाका. आणि माझ्याबरोबर ती नारायणगडाची वाट आखा. ज्यांच्या बांधावरून ती जाते त्यांना आधी विचारून, दगडांवर रंगाच्या खुणा करून. वाटेत कोणी ताक विकेल, कोणी द्राक्षं, कोणी मनुके. एक वर्ष बघू. लोक आले तर दुसरी खोली. आमच्या भाषेत याला पायलट म्हणतात.

मामा जरा हिरमुसला. त्याला मोठं काहीतरी ऐकायचं होतं. मग म्हणाला, "रंग कोणता आणायचा?"

पांढरा ठरलाय. येत्या शनिवारी मी डबा घेऊन जातोय.

आता मंडळी, राहिला प्रश्न तुमचा. मी मामाला "येतील" असं सांगितलेलं नाही. "विचारतो" म्हणालोय. येणार असाल तर एक रात्र राहायच्या तयारीने या, म्हणजे पिणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना दोघांनाही झोप मिळेल. फळ्यावरचा दर द्या. स्पीकर घरी ठेवा. नाशिकलाही जरूर जा, मीही परत जाईन, तिथली वाईन चांगलीच आहे म्हणतात. फक्त जाताना एकदा बायपास सोडून खालच्या जुन्या रस्त्याने जाऊन बघा.

असो. सोमवारची डेडलाईन आहे, थांबतो.