विजेचे बिल कोणाच्या नावावर?

सरकारी मोटारीचे इंजिन बदलले म्हणून सरकारी वृत्तीही बदलते, असे मानण्यास अद्याप आधार मिळालेला नाही. शासन, महामंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी 1 जानेवारी 2022 पासून घ्यावयाची नवी वाहने विजेवर चालणारीच असावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने नवे विद्युत वाहन धोरणही मंजूर केले. धूर कमी व्हावा, परदेशी तेलाचे ओझे उतरावे, या हेतूंशी कोणाही समंजस माणसाचे भांडण असू शकत नाही. भांडण आहे ते एका साध्या प्रश्नावरून. या मोटारींत भरल्या जाणाऱ्या विजेचे पैसे कोण, कोणत्या हिशेबाने भरणार. आणि ते भरले गेले नाहीत तर जाब कोणाला विचारायचा?

पेट्रोलच्या काळातील लबाड्या जगजाहीर आहेत. पण त्यांचा माग काढण्यास निदान जागा होती. पंपावरची पावती, गाडीची नोंदवही आणि किलोमीटरचा आकडा समोरासमोर ठेवला की खोटे उघडे पडे. वीज मात्र कचेरीच्या भिंतीतील तारेतून निमूटपणे गाडीत उतरते आणि पंखे, दिवे, वातानुकूलन यंत्रे यांच्या बिलात विरघळून जाते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन किंवा उरण, कोणत्याही गावची कचेरी घ्या. वाहनांसाठी स्वतंत्र मीटर नसेल, तर साहेबांच्या सरकारी गाडीने किती युनिटे घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या खाजगी गाडीने किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उलट दौऱ्यावर असताना वाटेत खाजगी केंद्रावर गाडी भरावी लागली, तर ते पैसे कंत्राटी चालकाने पदरचे घालावयाचे काय? नियम संदिग्ध असला की वरचा माणूस सवलत घेतो आणि खालचा भुर्दंड सोसतो, हा आपल्या नोकरशाहीचा अनुभव जुना आहे.

सामान्य ग्राहकापुरता कायदा मुळीच संदिग्ध नाही. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 प्रमाणे बिल थकले की पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि त्यानंतर अंधार. ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची बिले थकली तेव्हा गावेच्या गावे काळोखात गेली. कोळीवाड्यातील विधवेला लागू असलेला कायदा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या गाडीपाशी येऊन थबकत असेल, तर त्यास कायद्याचे राज्य म्हणता येणार नाही.

विजेचे मोल काय असते, हे रायगडच्या किनाऱ्यास शिकविण्याची गरज नाही. उरणच्या वायू विद्युत केंद्राची वीज राज्यभर जाते. पण उरण तालुक्यातच असलेल्या घारापुरीच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या वस्त्यांना समोर लखलखणारी मुंबई पाहत सत्तर वर्षे थांबावे लागले. समुद्रतळातून केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती 22 फेब्रुवारी 2018 रोजी. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने खांब आडवे केले, तेव्हा याच किनाऱ्यावरील कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे दिव्यावाचून काढले. ज्यांना ती इतक्या उशिरा मिळाली, इतक्या सहज हिरावली गेली, त्यांच्या देखत तीच वीज हिशेबावाचून वाटली जाणे ही केवळ उधळपट्टी नव्हे, तो अपमान आहे.

सवलतींचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो, तेही पाहावे. शिवडीहून उरण तालुक्यातील चिर्ल्यास येणाऱ्या अटल सेतूवर विजेवरच्या मोटारींना ऑगस्ट 2025 पासून पथकर माफ झाला. त्याच सेतूवर दुचाकीस्वार कामगाराला पाऊल टाकण्याचीही मुभा नाही. तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात आला आणि महिना संपण्यापूर्वी मागे घेतला गेला. जानेवारीत झालेली एस.टी.ची 14.95 टक्के भाडेवाढ मात्र कायम राहिली. शासननिर्णयाने येणारे धोरण शासननिर्णयाने जाते, आणि ते कोणासाठी जाते हे यावरून उघड व्हावे.

म्हणूनच येथे धोरण पुरेसे नाही. विधिमंडळात चर्चा होऊन झालेला कायदा हवा. ही मागणी अतिरेकी ठरविणाऱ्यांनी भांडवलशाहीच्या पंढरीकडे पाहावे. अमेरिकेत 2012 साली तेथील संसदेच्या वाहनतळांत सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी आपल्या खाजगी गाड्या भारित केल्या, तर त्याचा निव्वळ भार सरकारी तिजोरीवर पडता कामा नये, असे कायदे झाले. 2015 च्या वाहतूक कायद्याने केंद्रीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांकडूनही असे पैसे घेण्याची तरतूद केली. खाजगी संपत्तीची पूजा करणारा देश जे करू शकतो, ते समाजवादी हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत लिहिणाऱ्या देशाला अवघड का वाटावे?

यावर ठरलेला आक्षेप असा, की महावितरण सरकारची आणि गाडीही सरकारची. मग या खिशातले त्या खिशात कशासाठी घालावयाचे? पण महावितरणचा खिसा ग्राहकांचा आहे. वसूल न झालेली रक्कम आज ना उद्या दरवाढीच्या मागणीत उतरते. शासनाला कोणास सवलत द्यावयाची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरावी, असे अधिनियमाचे कलम 65 सांगते. शेतकऱ्याच्या पंपाला लावला जाणारा हा नियम मंत्र्याच्या मोटारीला लावावयास हरकत ती कोणती?

कायद्यात चार गोष्टी असाव्यात. सरकारी भारण केंद्रास स्वतंत्र मीटर. प्रत्येक गाडीची युनिटे आणि किलोमीटर यांची लोकांस पाहता येईल अशी नोंदवही. सरकारी आवारात भारित होणाऱ्या खाजगी गाडीकडून, मग ती आमदाराची असो वा कारकुनाची, पूर्ण दराने वसुली. आणि चालकाने केलेल्या खर्चाची ठरावीक मुदतीत भरपाई. केंद्र सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारण केंद्रांसाठी सूर्यप्रकाशाच्या तासांत दर कमी आणि इतर वेळी अधिक आहे. नोंद असेल तरच या फरकाचा लाभ तिजोरीला होईल.

या हिशेबातून वाचलेला पैसा पहिल्याने एस.टी.स मिळाला पाहिजे. एस.टी.ने 5,150 विजेवरच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार केला. गाड्या वेळेवर आल्या नाहीत आणि मे 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनाच तो रद्द करण्याची भाषा करावी लागली. रेवदंड्याच्या, दिघीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला बिनधुराची गाडी मिळेल तेव्हा हे धोरण लोकांचे होईल. तोवर ते साहेबांच्या गाडीचे धोरण आहे, आणि त्याचे बिल लोकांच्या नावावर आहे.