मुठीमुठीचा आश्रय

भाषांतरासाठी आमच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत परवा एक आवाहनपत्र आले. एका मोठ्या शहरातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या निधीसाठी ते लिहिलेले होते. एक विशेष मैफल, तिच्यानंतर भोजन, काही वस्तूंचा लिलाव आणि शेवटी देणगीदारांच्या श्रेणी, असा त्याचा थाट होता. सर्वांत मोठी रक्कम देणारा तो ‘आश्रयदाता’, त्याच्याखालचा ‘पुरस्कर्ता’ आणि सर्वांत लहान रक्कम देणारा तो केवळ ‘मित्र’! मराठी करताना आमची लेखणी या शेवटच्या शब्दापाशी थबकली. दरवर्षी ठरलेली लहानशी रक्कम न चुकता देणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक साधा, जुना शब्द आहे. तो शब्द म्हणजे वर्गणीदार. मग मनात असा प्रश्न आला की, संगीत खरोखर कोणाच्या बळावर जगते? आश्रयदात्याच्या, की वर्गणीदाराच्या?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कावेरीच्या काठी सापडले. तंजावरहून आगगाडीने कुंभकोणमकडे निघाले की वाटेत पापनाशम लागते. दोहों बाजूंस भाताची खाचरे, मधूनमधून नारळीची राने आणि पाण्याचे पाट, असा तो मुलूख आहे. कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे नाव पापनाशम शिवन यांच्यामुळे ठाऊक असते. 1890 मध्ये जन्मलेले आणि 1973 मध्ये निवर्तलेले हे वाग्गेयकार या गावाच्या नावानेच ओळखले गेले. परंतु आम्हांस तेथे सर्वांत अधिक काय आवडले म्हणाल, तर पालैवननाथाच्या देवळातील जुने धान्यकोठार! सतराव्या शतकात, नायक राजांच्या अमदानीत बांधलेली ही विटांची प्रचंड वास्तू आहे. आज ती रिकामी आहे. पण तिच्यासमोर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. देऊळ म्हणजे केवळ गाभारा नव्हे. देवळाला शेते होती, शेतांतून धान्य येई, आणि त्या धान्यावर पुजारी, माळी, दिवेलावे यांच्याप्रमाणेच वादक आणि नर्तकीही जगत.

ही केवळ कल्पना नव्हे. तंजावरच्या बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केले. तेथील शिलालेखांत 400 नर्तकींची नावे कोरलेली आहेत. प्रत्येकीस राहावयास घर आणि वर्षाला शंभर ‘कलम्’ भात, अशी नेमणूक होती. कलम् हे त्या मुलखातील धान्याचे माप. एखादी नर्तकी मरण पावली किंवा निघून गेली तर तिचा वाटा कोणी घ्यावा, हेही तेथे लिहून ठेवले आहे. वादक आणि गायक यांचे वाटेही तसेच ठरलेले होते. एका अर्थाने हे एका मोठ्या कलापथकाचे वेतनपत्रकच होय, आणि तेही दगडात कोरलेले. कला टिकवायची तर तिला टाळ्यांच्या आधी शिधा लागतो, हे त्या लोकांनी पुरते ओळखले होते.

पुढे तंजावरावर भोसल्यांचे राज्य आले, आणि या कथेशी आपले मराठी माणसाचे नाते जडले. शहाजी राजांनी स्वतः नाटके रचली, त्यांत मराठी नाटकेही आहेत. तुळजा राजांनी संगीतावर संस्कृतात ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ लिहिला. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांची दृष्टी तर सातासमुद्रांपलीकडे पोहोचली होती. त्यांच्या दरबारात वीणा आणि मृदंग यांच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्येही वाजत. त्यांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपीय संगीताच्या स्वरलिपी आजही जपून ठेवलेल्या आहेत. व्हायोलिनने दक्षिणेच्या संगीतात जे घर केले, ते याच सुमारास. परदेशी वाद्यवृंदाचे आपल्या देशातील हे बीजारोपण ध्यानात घेतले, म्हणजे आमच्या टेबलावरचे ते आवाहनपत्र आपणांस तितकेसे परके वाटणार नाही.

परंतु राजाश्रयात एक मोठे वैगुण्य असते. तो राजाच्या आयुष्याला बांधलेला असतो. 1855 मध्ये शिवाजी राजे पुत्रसंतान न ठेवता वारले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले, आणि दरबाराचा आधार एकाएकी तुटला. अनेक कलावंतांना मद्रास, म्हैसूर, त्रावणकोर अशा वाटा धराव्या लागल्या. आठशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेले वेतनही एव्हाना इतिहासजमा झाले होते. एकाच खांबावर उभारलेला मांडव कितीही सुंदर असला, तरी खांब पडला की मांडवही पडतो.

आणि तरीही त्या मुलखातले संगीत मेले नाही. ते कशाने तगले? याचे उत्तर शोधण्यास पापनाशमपासून फार दूर जावे लागत नाही. कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे त्यागराजस्वामी राहत. सरफोजी राजांनी देऊ केलेली संपत्ती त्यांनी नाकारली, असे परंपरा सांगते. ते उंछवृत्तीने राहत. म्हणजे रामनाम गात गल्लीतून जावयाचे, आणि घराघरांतून जे मूठभर तांदूळ पडतील त्यांवर निर्वाह करावयाचा. आपल्याकडील माधुकरीची ही सख्खी बहीण! 1847 मध्ये त्यांनी देह ठेवला. आजही त्यांच्या आराधनेच्या दिवशी उंछवृत्तीची मिरवणूक निघते, आणि ती पाहताना त्या मूठभर तांदळाचा अर्थ कळतो. राजाची देणगी नाकारणारा तो महापुरुष शेजारणीचे तांदूळ नाकारीत नसे. कारण एकाच्या देण्यात मिंधेपणाची भीती असते. शंभरांच्या देण्यात ती विरघळून जाते.

या समाधीची पुढची हकीगत अधिक बोधप्रद आहे. कालांतराने समाधीची जागा दुर्लक्षित झाली. ही गोष्ट बंगळूर नागरत्नम्मा या थोर गायिकेच्या कानी 1921 च्या सुमारास आली. 1878 मध्ये जन्मलेल्या या बाई देवदासी कुळातल्या. स्वतःच्या गळ्याच्या जोरावर त्यांनी लौकिक आणि संपत्ती मिळविली होती. त्यांनी जागा मिळवून दिली, दागिने विकले आणि समाधीवर मंदिर उभारले; 1926 मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. मात्र जेथे त्यांचे सोने विटांत मुरले होते, तेथे आराधनेच्या उत्सवात गाण्याची मुभा स्त्रियांना नव्हती! बाई रुसून बसल्या नाहीत, आणि दिलेले परतही मागितले नाही. त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला. 1940 च्या सुमारास सर्व पक्ष एकत्र आले आणि स्त्रियाही पुरुषांबरोबर गाऊ लागल्या. आपली मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधीकडे सोपविली. 1952 मध्ये त्या वारल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे.

भगिनींनो, या हकीगतीत देणाऱ्याला एक धडा आहे आणि घेणाऱ्याला एक. देणाऱ्याने गाणाऱ्याचा गळा विकत घेऊ नये. घेणाऱ्याने देणाऱ्याला दाराबाहेर उभे करू नये.

तिसरे उदाहरण पापनाशम तालुक्यातीलच मेलट्टूर या गावाचे. येथे नृसिंहजयंतीच्या सुमारास ‘भागवत मेळा’ होतो. अठराव्या शतकातील मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांनी रचलेली तेलुगू संगीत-नृत्यनाटके रात्रभर चालतात, आणि स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवितात. हे कलावंत धंदेवाईक नव्हेत. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी दूरच्या शहरात नोकरीस. वर्षातून एकदा ते गावी येतात आणि देवापुढे नाचतात. दरबार गेल्यावर ही परंपरा गावकऱ्यांच्या पदरमोडीवर चालली, मध्यंतरी खंगली, आणि विसाव्या शतकात पुन्हा सावरली. येथे दान केवळ पैशाचे नसते. रजेचे, रात्रीच्या झोपेचे आणि घरच्या पाहुणचाराचेही असते.

आता त्या वाद्यवृंदाकडे परत येऊ. कोणी विचारील की, तिकिटे विकून त्याचा खर्च का भागू नये? याचे उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये आपल्या ग्रंथात दिले. कारखान्यात यंत्र सुधारले की दहा माणसांचे काम पाच करतात. परंतु बेथोव्हेनच्या काळी चार वादकांची रचना वाजविण्यास जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. इतर धंद्यांबरोबर वादकाचे वेतन वाढवावेच लागते. मात्र त्याच्या कामात काटकसर करता येत नाही. म्हणून खर्च आणि तिकिटाचे उत्पन्न यांतली दरी रुंदावत जाते. मोठ्या वाद्यवृंदात ऐंशी-शंभर वादक असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ती दरी किती खोल असेल ते समजेल.

ही दरी एका माणसाने भरली, तर काय होते? अमेरिकेतील बोस्टन शहरात हेन्री ली हिगिन्सन या धनिकाने 1881 मध्ये वाद्यवृंद स्थापिला आणि 1918 पर्यंत त्याची तूट स्वतःच्या खिशातून भरली. गरीब श्रोत्यांसाठी काही जागा पंचवीस सेंटांत ठेवण्याची दक्षताही त्याने घेतली. तो निवृत्त झाल्यावर मात्र शहराला विश्वस्त मंडळ आणि देणगीदार यांची व्यवस्था लावावीच लागली. आपल्या मुंबईत मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. जगप्रसिद्ध झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. पुढे मेहली मेहता परदेशी गेले, आणि पूर्णवेळ धंदेवाईक वाद्यवृंदासाठी या देशाला 2006 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. एकट्या माणसाची जिद्द कामाचा आरंभ करते. ते काम चालू ठेवण्यास अनेकांचे हात लागतात.

निधीसाठी कार्यक्रम करणे हे आपणांस नवे नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नट एका रंगभूमीवर उभे राहिले. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी तर आयुष्यभर आपल्या मैफलींचे उत्पन्न अनेक लोकोपयोगी संस्थांना दिले, आणि 1974 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्यासाठीही होता. संगीताने इतरांसाठी झोळी फिरविली. आता संगीतासाठी कोणी झोळी फिरवीत असेल तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तथापि अशा कार्यक्रमांत काही पथ्ये पाळली पाहिजेत. मंडप, भोजन आणि हारतुरे यांवरच निम्मी जमा खर्ची पडत असेल, तर तो उत्सव झाला, निधी नव्हे. जमाखर्चाचा हिशेब प्रत्येक देणगीदारास, अगदी दहा रुपये देणाऱ्यासही, पाहावयास मिळावा. रकमेची पावती आग्रहाने घ्यावी आणि द्यावी. कार्यक्रमाची निवड जाणत्या संगीतकारांकडे असावी. देणगीदाराच्या मुलाला व्यासपीठ मिळावे म्हणून ती वाकवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका रात्रीच्या मोठ्या आकड्यापेक्षा वर्षानुवर्षे येणाऱ्या लहान वर्गणीस अधिक मान द्यावा. कारण वादकाला पगार दरमहा लागतो.

येथे कोणी गृहिणी विचारील, “ज्या देशात सर्व मुलांना पुरेसे दूध मिळत नाही, तेथे व्हायोलिनसाठी पैसे मागावे काय?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. दुधाचा वाटा पहिला, यात वाद नाही. परंतु घरात आपण पोराला दूध देतो आणि अंगाईही गातो. एकीसाठी दुसरे थांबवीत नाही. शिवाय मदत करावयाची ती त्याच परदेशी वाद्यवृंदास करावी, असा आमचा आग्रह नाही. आपल्या गावचा भजनी मेळा, सनईवाल्याचे कुटुंब, मुलांना पेटी-तबला शिकविणारा वर्ग, यांपैकी जे जवळ असेल त्यास द्यावे.

लहान देण्याचे बळ मराठी माणसाला शिकवावयास नको. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले घरोघरच्या मूठभर धान्यावर शिकली. तोच मार्ग स्वरांसाठी का नसावा?

आवाहनपत्राचे भाषांतर आम्ही पुरे केले. ‘आश्रयदाता’ हा शब्द जागच्या जागी राहू दिला. त्याचा मान त्याला असो. मात्र शेवटच्या श्रेणीपुढे आम्ही ‘वर्गणीदार’ असे लिहिले. पापनाशमचे ते कोठार कोणा एकाच्या शेतातील धान्याने भरले नसेल. येत्या महिन्याचा घरखर्च मांडताना, वाचकहो, एक मूठ बाजूला काढून पाहा, आणि ती कोणाच्या झोळीत घालावयाची हे घरातील मुलांना ठरवू द्या.