देशाची ओळख घरातही घडते

संरक्षण, सीमा, शस्त्रास्त्रं हे शब्द दिसले की आपल्यातल्या बऱ्याचजणी पेपरचं पान उलटतात. ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय?’ असं म्हणून मोकळ्या होतात. पण कुठल्याही देशाचं संरक्षणाचं धोरण नुसत्या तोफा आणि विमानं मोजून ठरत नाही. आपण कोण, आपण काय सोसलं, पुन्हा काय होऊ द्यायचं नाही, हे त्या देशाच्या लोकांनी मनाशी काय धरलंय, त्यावरही ते ठरतं. जपानचंच बघा ना.

१९४५ पर्यंत जपान स्वतःला लढवय्यं साम्राज्य समजत होता. सम्राटासाठी मरणं हा मोठा मान. कोरिया आणि चीनचा मोठा भाग त्याने ताब्यात घेतला होता. मग हिरोशिमा, नागासाकीवर अणुबॉम्ब पडले आणि देश शरण आला. १९४७ मध्ये, अमेरिकेचा अंमल असतानाच, नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या नवव्या कलमात जपानने युद्धाचा हक्क कायमचा सोडला.

कोणी म्हणेल, जिंकणाऱ्याने लिहून घेतलेला कागद तो! त्यात तथ्य आहे. पण लोकांनी तो आपलासा केला, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले, त्यातला एक सप्टेंबरमध्ये गेला. बाजारातल्या ट्यूना माशातही किरणोत्सार सापडला. आता पोरांच्या ताटात वाढायचं काय? टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी सह्या गोळा करायला निघाल्या. बघता बघता लोण देशभर पसरलं. १९५५ च्या ऑगस्टपर्यंत ३ कोटींहून जास्त सह्या झाल्या होत्या!

‘अणुबॉम्ब सोसलेला, युद्ध नको म्हणणारा देश’ ही ओळख अशी पक्की झाली. पुढच्या सरकारांना ती डावलता येईना. १९५४ मध्ये सैन्य उभं केलं, तरी त्याला ‘स्वसंरक्षण दल’ म्हणावं लागलं. १९६७ मध्ये पंतप्रधान सातो यांनी संसदेत सांगितलं, अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही. अर्थात, अमेरिकेच्या अण्वस्त्रांची छत्री डोक्यावर होती, हेही विसरून चालणार नाही.

पण या ओळखीत एक खोट राहिली. आपण सोसलं ते ठळक, आपण केलं ते पुसट! १९९१ मध्ये कोरियातल्या किम हाक-सुन या आजींनी जगापुढे येऊन सांगितलं, की जपानी सैन्याने आपल्याला कोवळ्या वयात लैंगिक गुलामीत ठेवलं होतं. १९९३ मध्ये जपान सरकारने अशा स्त्रियांची माफी मागितली. तरी पाठ्यपुस्तकांवरून, युद्धस्मारकाच्या भेटींवरून वाद उकरून निघतातच. जपानने जहाजं वाढवली की चीन-कोरियाला सह्या मागणारी गृहिणी आठवत नाही, १९३७ चा सैनिक आठवतो. चीनही आपल्या जुन्या अपमानाची आठवण जपून असतो. मग एकाची तयारी दुसऱ्याला धमकी वाटते.

२०१५ मध्ये जपानने मित्रदेशांच्या मदतीला लढण्याची मर्यादित मुभा देणारा कायदा केला. तेव्हा विरोधाच्या मोर्चांत लेकरांना घेऊन आलेल्या आयाही होत्या. २०२२ मध्ये संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं, चीनचं वाढतं नौदल, ही भीती काही खोटी नाही. घराला कडीकोयंडा हवाच. पण शेजाऱ्याला आपण कसे दिसतो, हाही सुरक्षेचाच भाग नव्हे का?

आणि इथे आपला संबंध येतो. इतिहासाचा पहिला धडा मुलं शाळेत नाही, घरात ऐकतात. टीव्हीवर युद्धाची बातमी लागली की आपण काय बोलतो, हे ती टिपत असतात. आपल्या माणसांचं शौर्य जरूर सांगावं, सोसलेलंही सांगावं. त्याबरोबर पलीकडच्या घरातही एक आई वाट बघत असते, हेही सांगावं. देशप्रेम त्याने उणावत नाही. उलट, उद्या मोठी होऊन ही मुलं मत द्यायला जातील, तेव्हा कोणी नुसत्या द्वेषावर त्यांना भडकवू शकणार नाही.