जूनचा पहिला तास

नववीच्या वर्गात जूनच्या पहिल्या तासाला इंग्रजीच्या शिक्षकासमोर काय उभे राहते, याचा विचार आम्ही मराठीचे प्राध्यापक सहसा करीत नाही. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने यंदा पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडलेच नाही. सुट्टीत घडलेल्या एखाद्या प्रसंगावर पाच वाक्ये इंग्रजीत लिहा, असे तिने सांगितले. बहुतेक वह्या कोऱ्या राहिल्या. मग तेच मराठीत लिहायला सांगितले. तेव्हाही कित्येकांची लेखणी दोन वाक्यांपुढे सरकली नाही.

हे ऐकून आम्ही वरमलो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. पूर्वी ती पाचवीपासून असे. त्या निर्णयावरील वादात आम्ही हिरिरीने उतरलो. परंतु आपल्याजवळ सांगण्याजोगे काही आहे, हा विश्वास मुलाला कोणत्या तासाला द्यायचा, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या हातून निसटला. त्यांनी व्याकरणाचे तक्ते पाठ करून घेतले, आम्ही निबंधांचे नमुने उतरवून दिले.

मैत्रिणीने त्या दोन मराठी वाक्यांवरूनच इंग्रजीला आरंभ केला. ‘आमची म्हैस व्याली’ या वाक्यासाठी इंग्रजी शब्द शोधताना सारा वर्ग कामाला लागला. भूतकाळ ओघाने आला.

जूनचा पहिला आठवडा दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा, असे आम्हांस वाटते. मुलाचे मौन एकाच भाषेतले नसते.