नावाची राखण

जुन्या घरांत कागदपत्रांची एक शिसवी पेटी असे आणि तिची किल्ली घरच्या कर्त्या पुरुषाच्या जानव्यास बांधलेली असे. खरेदीखते, वाटणीपत्रे, सावकाराच्या पावत्या, मुलांच्या जन्मपत्रिका हे सारे त्या एका पेटीत. कोणी खोटा कागद पुढे केला, तर पेटी उघडावयाची आणि नात्यातील एखाद्या वकिलास बोलावणे धाडावयाचे, एवढ्याने बहुधा भागत असे. आता घरातील मुले सातासमुद्रांपलीकडे नोकरीस गेली. तेथे ना पेटी, ना वकीलकाका. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडीत आहोत, तो या उणिवेतूनच निघालेला आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाचा न्यू जर्सीहून फोन आला. अमेरिकेतील पुष्कळ कंपन्यांत शरद ऋतूत नोकरांपुढे पुढील वर्षाच्या सवलतींची यादी ठेविली जाते, आणि हवे त्यापुढे खूण करावयाची असते. यादीत आजारपणाचा विमा, दातांचा विमा यांच्या खाली आणखी दोन बाबी होत्या: एक कायद्याच्या साह्याची, दुसरी ओळखचोरीपासून संरक्षणाची. दोन्हींचे मिळून दरमहा तीसेक डॉलर पगारातून कापले जाणार होते. "काका, खूण करू की नको?" असा त्याचा प्रश्न.

एवढ्या लहान रकमेसाठी हा आम्हांस का विचारतो, याचे आम्हांस नवल वाटले. मग सूनबाईंनी फोन हाती घेतला, आणि दीड वर्ष दडवून ठेवलेली गोष्ट बाहेर आली. आदल्या वर्षी तो प्राप्तिकराचे विवरण भरावयास गेला, तेव्हा त्याच्या नावाने व क्रमांकाने विवरण आधीच कोणी भरले असल्याचे त्यास कळले. परताव्याची रक्कम अडकली, प्रतिज्ञापत्रे करावी लागली, आणि कायम वास्तव्याच्या अर्जास यामुळे बाध येईल की काय, या धास्तीने त्याची झोप उडाली. तरी त्याने प्रथम पत्नीसही सांगितले नाही. 'घरचे म्हणतील, एवढा शिकलेला आणि फसला!' या एका विचाराने तो गप्प राहिला. चोराने त्याचे नाव नेले, आणि लाज मात्र त्याच्याच पदरी आली.

त्या देशात हे प्रकरण जुने आहे. १९३५ च्या कायद्यानुसार १९३६ पासून कामकऱ्यांस सोशल सिक्युरिटीचे क्रमांक मिळू लागले. १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथील एका कारखान्याने पैशांची पाकिटे विकावयास काढली आणि आत नमुन्याचे कार्ड घातले. त्यावर कारखान्यातील एका चिटणीस बाईंचा खरा क्रमांक छापला होता! कित्येक गिऱ्हाइकांनी तो आपलाच मानून वापरला. १९४३ साली एकाच वेळी ५,७५५ माणसे तो वापरीत होती, आणि वर्षानुवर्षांची मोजदाद ४०,००० वर गेली. त्यांत बहुतेक भाबडेपणा होता. आजच्या चोरीत तो नाही. १९९८ साली अमेरिकेत ओळखचोरी हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि २०१७ साली इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या दप्तरातून सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली.

कायद्याच्या साह्याची कथा कामगार-चळवळीतून आली आहे. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने मालकांनी कामगार-निधीस पैसे देण्यावर निर्बंध घातले होते. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन वकिली साह्याच्या निधीस वर्गणी देण्याची मुभा मिळाली. १९७६ च्या कायद्याने अशा साह्यावर करमाफीही दिली. ती १९९२ साली संपली, आणि आता पुष्कळ ठिकाणी मालक केवळ योजना समोर ठेवितो, पैसे नोकराच्याच पगारातून जातात. ओळख-संरक्षणाचा खर्च मात्र मालकाने स्वतः केला, तर तो नोकराचे उत्पन्न धरावयाचा नाही, असे तेथील करखात्याने २०१५ साली जाहीर केले.

या योजनांतून मिळते काय? पहिलीत मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, घराची खरेदी, भाडेकरार, वाहतुकीचा खटला अशा कामांस ठरलेल्या यादीतील वकील, बहुधा निराळी फी न देता मिळतो. दुसरीत आपल्या नावाने कोठे नवे कर्ज वा खाते निघाले तर सूचना येते, चोरी झालीच तर निस्तरावयास जाणता माणूस मिळतो, आणि त्यातील खर्चाचा विमाही असतो.

परंतु दोन गोष्टी वाचकांनी नीट ध्यानात घ्याव्या. एक, सूचना म्हणजे राखण नव्हे. घरात चोर शिरल्यावर भुंकणारा कुत्रा उपयोगी खरा, पण कडी लावणे त्याहून बरे. ती कडी अमेरिकेत फुकट आहे. पतमाहितीवर कुलूप घालण्यास सप्टेंबर २०१८ पासून काही पडत नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठीही आईबापांना ते घालता येते. करखाते दरवर्षी बदलणारा सहा आकडी गुप्त क्रमांक देते. २०२१ पासून तो कोणासही मागता येतो. तो असता, तर आमच्या पुतण्याच्या नावाने परस्पर विवरण भरणे चोरास कठीण गेले असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मालकाने पुढे केलेल्या या वकिली योजनेत मालकाविरुद्धची तक्रार बहुधा बसत नाही, तसेच योजनेत येण्यापूर्वी उद्भवलेले तंटेही नाहीत. ज्या दिवशी नोकरीच जावयाची, त्या दिवशी हा वकील बाजूस उभा राहणार नाही. म्हणून ही योजना संसाराची सोय समजावी, नोकरीचे कवच समजू नये.

आम्ही पुतण्यास सांगितले ते असे. आधी फुकटची कुलुपे दोघांच्या व चिमुरडीच्या नावावर घाल. मृत्युपत्र आणि मुलीच्या पालकत्वाची तजवीज व्हावयाची आहे, तेव्हा एक वर्ष वकिली योजनेपुढे खूण कर आणि काम उरकून घे. ओळख-संरक्षणाचा खर्च मालक करीत असेल तर अवश्य घे. स्वतः द्यावयाचा असेल, तर निस्तरण्यास माणूस मिळतो की नुसती सूचना, हे आधी वाचून पाहा.

इकडे राहणाऱ्यांनीही हा विषय परका मानू नये. देशातील पहिला आधार क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पैशांची फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावयाचे असते, आणि जितके लवकर कळवावे तितकी रक्कम अडविण्याची आशा अधिक.

लवकर सांगणे हेच तर आपल्या घरांतून घडत नाही. फसलेल्या मुलास वा वडीलधाऱ्या माणसास आपण पहिला शब्द बोलतो तो बोल लावण्याचा. तो शब्द ज्या घरी गिळला जाईल, त्या घरी चोरी त्याच दिवशी कळेल. आमच्या पुतण्याने दीड वर्ष जे सोसले, त्यातील किती भाग चोराचा आणि किती आमचा, हा हिशेब फोन ठेविल्यावर आम्ही पुष्कळ वेळ करीत बसलो होतो.