घर आपलं, काळजी आपली : भिंतीची तिरपी भेग

मैत्रिणींनो, दिवाळीच्या रंगकामाला घर काढलं की भिंतीवरच्या भेगा डोळ्यांत भरतात. रंगारी लांबी भरून देतो, आपण निश्चिंत होतो. आणि पुढच्या मे महिन्यात बाईसाहेब पुन्हा हजर!

नागपुरात बऱ्याच भागांत हा काळ्या मातीचा गुण असतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि पारा ४५ अंशांवर गेला की आकसते. भिंतीबाहेरची माती लवकर सुकते, घराखालची ओलसर राहते. मग पायाचा एखादा कोपरा बसतो, बाकीचा जागेवर राहतो.

अडकित्त्यात सुपारी कशी कातरते? दोन पाती एकमेकींना चाटून उलट दिशांनी जातात. भिंतीचंही तसंच होतं. या जोराला इंजिनिअर कर्तनबल म्हणतात. तो जेवढ्या क्षेत्रफळावर वाटला जाईल, त्यावर कर्तन-प्रतिबल ठरतं. म्हणूनच ९ इंची भिंत जे सोसते, ते साडेचार इंचीला झेपत नाही.

भेग तिरपीच का? चौकोनी रुमाल दोन्ही बाजूंनी ताठ धरा आणि एक हात खाली घ्या. एक कर्ण ताणला जातो, दुसरा आखडतो. कापड ताण सोसतं, विटा सोसत नाहीत. त्या ताणाला आडव्या उकलतात, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यापासून.

आता करायचं काय?

• भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. दर महिन्याला बघा. केसासारखी आणि तेवढीच राहिली तर घाबरू नका. लांबली किंवा रुंदावली तर इंजिनिअरला दाखवा.

• गच्चीचं आणि मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. घराभोवती बाहेरच्या उताराची फरशी करून घ्या.

• मोठं झाड भिंतीला लागून लावू नका. मुळं माती सुकवतात.

• सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नळाच्या पाइपासाठी बीमला भोक पाडू देऊ नका. बीममध्ये कर्तनबल सहसा खांबाजवळ सर्वांत जास्त असतं, म्हणून तिथे लोखंडी रिंगा दाट बांधतात. बीमवर खांबाजवळ तिरपी भेग दिसली, तर महिनाभर वाट पाहू नका. त्या खोलीतला वावर थांबवा आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.

स्वयंपाकघर मोठं करायला भिंत पाडायची असेल, तरी आधी त्यालाच विचारा. गवंड्याच्या "काही होत नाही, ताई" वर छप्पर टेकवू नका.