रिद्धपूर लांब कुणाला?

मुलुंड-बोरिवलीकडे मराठीबद्दल चर्चा निघाली की हल्ली एक मत फार ठासून मांडलं जातं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला 2024 साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, ती म्हणे सरकारी पैशाची उधळपट्टी. आडगावात शिकायला जाणार कोण? त्या पदवीवर नोकरी देणार कोण? आणि उपनगरातल्या मराठी शाळा ओस पडत असताना विद्यापीठाचं कौतुक कशाला?

यातला आडगावाचा आक्षेप सर्वांत पोकळ आणि सर्वांत संतापजनक आहे. तेराव्या शतकात रिद्धपुरात महानुभाव परंपरेतले गोविंदप्रभू राहत होते. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्यानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी तिथेच जमले. स्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून म्हाइंभटांनी एकेक आठवण मिळवली आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ या परिसराने दिला. महदाइसेचे धवळेही इथलेच. विद्वान शिष्य संस्कृतकडे वळू लागले, तेव्हा साध्या बायाबापड्यांना काही कळणार नाही म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना रोखलं. एवढा वारसा असलेलं गाव आडगाव ठरतं, ते फक्त लोकलच्या नकाशावर नाही म्हणून! तमिळ विद्यापीठ 1981 साली निघालं ते चेन्नईत नव्हे, तंजावरला. कन्नड विद्यापीठ 1991 साली हंपीला, मल्याळमचं 2012 साली तिरूरला. अंधेरीहून रिद्धपूर लांब, हे खरंच. पण मोर्शी-अचलपूरच्या मुलीला मुंबई विद्यापीठाचं कालिना किती लांब पडतं, हा प्रश्न या मंडळींना कधी पडलेला दिसत नाही.

नोकरीचा आक्षेप तर शंभर वर्षं जुना आहे. धोंडो केशव कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच, आणि सरकारमान्यता मिळायला 1951 साल उजाडलं. तेव्हाही ‘या पदवीचा उपयोग काय’ असं विचारणारे होतेच. त्याच विद्यापीठाचं मोठं संकुल आज जुहूला उभं आहे. आणि विद्यापीठ काही फक्त नोकरीसाठी काढत नाहीत. पश्चिम सहारातल्या सहरावी लोकांच्या हाती देश नाही, अर्धं शतक ते अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या छावण्यांत राहताहेत. त्यांनीही तिफारिती विद्यापीठ स्थापन केलं.

शाळा वाचवायलाच हव्यात. पण शाळा बंद पडल्या त्या विद्यापीठामुळे नव्हे.

आता रिद्धपूरने करायचं काय? महानुभावांच्या सकळ लिपीतल्या पोथ्या वाचू शकणारी तरुण पिढी घडवावी. वऱ्हाडी, झाडीबोलीचे कोश करावेत, कोरकू-गोंडीचा अभ्यास मराठीच्या बरोबरीने चालवावा. घाटकोपरच्या शाळेत अमराठी मुलांना मराठी शिकवायची कशी, याचं प्रशिक्षण शिक्षकांना द्यावं. त्यासाठी कायम नेमणुकीचे प्राध्यापक हवेत, मुलींसाठी वसतिगृह हवं आणि अमरावतीहून वेळेवर सुटणारी एसटी हवी. सरकारकडे भांडायचं असेल तर उपनगरातल्या टीकाकारांनी या तीन मागण्यांसाठी भांडावं.